पाहुण्यांचं पाणी

आमच्या गावात कोणाकडे सोयरिकीची बैठक असली, की त्या घरातल्या बाया आधी कौसाकाकू कुठे आहे ते बघून यायच्या. ती शेतात गेलेली असली तर हायसं वाटायचं. घरी असली तर कोणाचं स्वयंपाकात लक्ष लागायचं नाही. कारण बोलावणं असो वा नसो, पाहुणे सतरंजीवर टेकले आणि पोह्यांच्या बशा फिरल्या, की काकू यायचीच. डोक्यावर पदर, एका हातात पितळी तांब्या, दुसऱ्या हातात पेला. पेला भरून ती मुलीच्या बापासमोर ठेवायची आणि म्हणायची, "पाव्हणे, हे आमच्या गावचं पाणी हाय. एक घोट घ्या, मंग बोलनं करा."

यात घाबरण्यासारखं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमचं धामणखेड घाटाखाली, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. पावसाळ्यात नदी चढली की रस्ता बंद, आणि एरवीही एसटी आली तर आली. जमिनीखाली पाणी भरपूर आहे, पण खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहात कितीही साखर घातली तरी जिभेवर मागे काहीतरी राहतंच. आमचे दात लहानपणापासून तपकिरी. घराघरांत किडनीचं दुखणं. त्यामुळे आसपासच्या गावांत आम्हाला 'किडनीचं गाव' असंच नाव पडलं. धामणखेडला पोरगी देणं म्हणजे तिला विहिरीत ढकलणं, असं लोक आमच्या तोंडावर म्हणत. मी खामगावला कॉलेजात होते तेव्हा कोणी गाव विचारलं तर शेजारच्या मोठ्या गावाचं नाव सांगायची. आम्ही सगळेच तसं करायचो. हसताना तोंडावर हात न्यायची सवय मला अजूनही आहे. आता मी देऊळगाव राजाला शाळेत शिकवते, आणि वर्गातली पोरं माझी नक्कल करतात ती नेमकी तीच.

तर आमच्याकडे प्रत्येक घरात दोन माठ असायचे. एक घरचा, एक पाहुण्यांचा. पाहुण्यांच्या माठातलं पाणी पूर्वी नदीपलीकडच्या गावातून बैलगाडीत टाकी घालून आणत, पुढे जार आले. सोयरिकीच्या दिवशी प्यायला, चहाला आणि वरणालाही तेच पाणी. घरचं माणूस तापाने फणफणलं तरी त्या माठाला हात लावायचं नाही. याला कोणी खोटेपणा म्हणत नसे. आलेल्या माणसाला चांगलं द्यावं, एवढंच सगळे म्हणायचे. काकू तेवढी म्हणायची, "चांगलं देता का लपवता, थे आपल्या मनाले इचारा."

काकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिचं माहेर घाटावर, अमडापूरला. तिकडचं पाणी गोड. तिच्या लग्नाची हकीगत तिने मला कित्येकदा सांगितली, आणि दर वेळी ती त्याच जागी थांबायची.

"माहा बाप आला, चुलते आले. याइनं गूळ-पाणी देल्लं. बाप पाणी पेला अन् म्हणाला, पाणी गोड हाय, पोरगी सुखी राहीन. बस. ना जमीन इचारली, ना घर पाह्यलं. भोळा होता बाप्पा."

लग्न होऊन ती इथे आली. नव्या नवरीला कंकण सुटेपर्यंत पाहुण्यांच्या माठातलंच पाणी. कंकण सुटलं आणि ती ननंदेबरोबर विहिरीवर गेली. कळशी भरली, ओंजळीने पाणी प्यायली आणि थुंकली. नव्या नवरीची चेष्टा करायची रीत सगळीकडे असतेच. काकूला वाटलं, ननंदेने कळशीत मीठ टाकलं.

"म्या हासली. म्हटलं, काऊन व, मले येडी समजता का? कळशी सांडून देल्ली अन् फिरून भरली. थेबी खारट. मले वाटलं, याइनं बकेटीलेच मीठ चोळलं असन. म्या बकेट घासून काढली राखेनं. तिसऱ्यांदा ओढलं पाणी. तवा पाह्यलं, तं कोन्हीच हासून नव्हतं राह्यलं, सुशे. साऱ्या बाया खाली पाहून राह्यल्या होत्या."

इथे ती थांबायची. पुढचं तिच्याकडून काढून घ्यावं लागे. थोड्या दिवसांनी तिचा बाप तिला माहेरी न्यायला आला, तेव्हा सासूने पाहुण्यांच्या माठाकडे बोट केलं. काकूने घरच्या माठातलं पाणी भरलं आणि बापाच्या हातात दिलं. बापाने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "चाल घरी. परत पाठवत नाही तुले."

"मग गेली का नाहीस?" मी विचारायची.

"माहा मालक आंगनात बैल धुऊन राह्यला होता. चांगला माणूस होता थो. त्याच्यावर काय राग धरू? मले राग आला, तो माह्या बापाले फसवलं त्याचा. थो राग अजूनबी हाय."

म्हणून तो तांब्या. तिच्यामुळे मोडलेल्या सोयरिकी गावाने मनात धरून ठेवल्या होत्या. एका मुलाच्या आईने तिला भर रस्त्यात अडवून, तुझ्या जिभेला हाड नाही, असं सुनावलं. काकू शांतपणे म्हणाली, "मोडली तं मोडू दे. लगन झाल्यावर पोरगी मागच्या दारी रडत बसन, थे चालते का तुले?" पण काही सोयरिकी तांब्या पुढे येऊनही टिकल्या. त्या घरांतल्या सुना काकूच्या ओट्यावर हक्काने येऊन बसायच्या, सासूची गाऱ्हाणी सांगायच्या आणि जाताना तिच्याकडून लोणचं मागून न्यायच्या.

माझ्याही वेळी ती आली. माझी आई दारात आडवी उभी राहिली होती. काकू तिच्या हाताखालून वाकून आत शिरली. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी पेला उचलला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "बाई, मुलगी आमच्याकडे येणार. पाणी तर तुमच्याकडेच राहणार ना?" सगळे हसले. मीही हसले, आणि त्या दिवशी तोंडावर हात न्यायचं विसरले. आपलं सगळं उघड करून आपण पसंत पडतो, याचं सुख काय असतं ते मला काकूमुळे कळलं. त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

गावात खरं बोलणारी ही बाई बाहेर मात्र गावाविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नसे. एकदा आम्ही दोघी एसटीने खामगावला निघालो होतो. शेजारच्या बाईने गाव विचारलं. मी नेहमीप्रमाणे शेजारच्या गावाचं नाव घेणार, तोवर काकू अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धामणखेड." त्या बाईने लुगडं सावरलं आणि मांडीवरचं लेकरू हळूच दुसऱ्या बाजूला घेतलं. काकू तिच्याकडे वळली. "बाई, बसून राह्य. रोग पाण्यात हाय, माणसात नाही." मग पिशवीतले फुटाणे काढून तिने त्या लेकराच्या हातावर ठेवले. बाईने ते टाकले नाहीत, पण उतरेपर्यंत आमच्याकडे पाहिलंही नाही.

आमच्या गावात आणखी एक रीत आहे. तिथे किडनीने कोणी मरत नाही. सगळे अटॅकने जातात. घरात लग्नाची मुलं असतात, भावकीत असतात, म्हणून माणूस गेलं की दारात उभं असलेलं कोणीतरी 'अटॅक आला' म्हणून सांगतं आणि ऐकणारे समजून घेतात. तुळशीरामकाका, म्हणजे काकूचे यजमान, बरीच वर्षं सुजलेल्या पायांनी बैलांमागे चालत होते. ते गेले तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने रीतीप्रमाणे अटॅक सांगितला. तेरवीला पाहुण्यांनी घर भरलं होतं. काकू मधल्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "याहीच्या किडन्या गेल्या होत्या. दोन्ही. उगी अटॅक-अटॅक नका करू." दिराची मुलगी लग्नाची होती. तो ताटावरून उठला तो पुढे कित्येक वर्षं त्या घराची पायरी चढला नाही. काकूला त्याचं वाईट वाटत असे. पण चुकलं असं ती कधी म्हणाली नाही.

विलास हा तिचा एकुलता मुलगा. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, हाताला गुण होता. अंगाने उंच, बोलण्यात नरम, आईसारखाच कामाला वाघ. पण मुलगी मिळेना. गावाचं नाव निघालं की समोरून फोन बंद. पस्तिशी आली, केस विरळ झाले. गल्लीतल्या बाया आडून बोलायच्या, आता कळेल कौसीला. मला ते ऐकवत नसे. त्याच सुमारास गावात नळाची टाकी उभी राहिली, अधूनमधून नळाला पाणीही यायला लागलं, पण ते कधी येईल याचा नेम नव्हता, आणि मधले सगळे दिवस हापशीच. शिवाय गावाचं नाव काही टाकी बांधून बदलत नाही.

अशात दुसरबीडचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील थोडी शेती करून रस्त्यावर चहाचं हॉटेल चालवायचे. घाटावरची माणसं, धामणखेडचं नाव त्यांच्या कानावरही नसावं. मी दिवाळीच्या सुटीत माहेरी होते. बैठकीच्या आदल्या दिवशी काकू तूर निवडत बसली होती आणि विलास तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"माय, म्या तुले कधी काही मांगतलं नाही. उद्या तेवढं नको करू. तुह्या पाया पडतो."

काकू तूर निवडत राहिली. ना हो म्हणाली, ना नाही. विलास थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात पोहे करायला होते. बाहेर मुलीचे वडील आणि मामा बसले होते. काकू तांब्या घेऊन आत आली. तिने घरच्या माठाचं झाकण काढलं. तशीच उभी राहिली. मग झाकण परत ठेवलं आणि पाहुण्यांच्या माठात तांब्या बुडवला. माझ्याकडे न बघता ती बाहेर गेली. मुलीचे वडील पाणी प्यायले, मिशी पुसली आणि सहज म्हणाले, "पाणी छान आहे बरं का तुमच्याकडचं." काकूने दाराची चौकट धरली. विलासच्या चेहऱ्यावर जो आनंद मी त्या दिवशी पाहिला, तसा पुन्हा कधी पाहिला नाही. मुलगी पाहून झाली होती, पसंती होती, साखरपुड्याची तारीख तिथेच धरली.

सुटी संपवून मी देऊळगावला परतले. साखरपुडा तोंडावर आला असताना एका सकाळी काकू माझ्या दारात उभी. एकटी, गाड्या बदलत आलेली. हातात कापडी पिशवी.

"चाल," ती म्हणाली. "मले दुसरबीडले जायचं हाय."

पिशवीत काय आहे ते मला न बघता कळलं. मी तिला आत बसवलं, चहा दिला आणि जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. आता नळ आलाय, सगळेच काही आजारी पडत नाहीत, विलासचं वय बघ, त्याला पुन्हा कोण मुलगी देणार.

"थे मले काऊन सांगतं? म्या सोताले काय कमी सांगतलं? रोज सांगून राह्यली." तिने चहाला हात लावला नव्हता. "त्या माणसानं पाणी पेलं अन् म्हणे, छान हाय. सुशे, थो माहा बापच बोलला."

मी रजा टाकली आणि तिच्यासोबत गेले.

दुसरबीडला आमचं स्वागत विहीणबाई म्हणून झालं. मुलीच्या आईने मला कुंकू लावलं, मुलगी सविता पाण्याचे ग्लास घेऊन आली. काकूने पिशवीतून बाटली काढली, शेजारच्या फडताळातला रिकामा ग्लास घेतला आणि भरून मुलीच्या वडिलांसमोर ठेवला.

"इवाई, त्या दिवशी तुम्ही पेले थे आमच्या गावचं पाणी नव्हतं. हे हाय. आमच्याकडे यानं किडन्या जातात. माहा मालक यानंच गेला. तुमच्या पोरीले हेच प्या लागन."

वडिलांनी एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवला. ते चिडले नाहीत, हे मला जास्त जड गेलं. आई आत जाऊन रडायला लागली. वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः येऊन सांगितलं, बरं केलं. तुमचा राग नाही. पण आता मला हे जमायचं नाही."

सविता दाराशी उभी होती. ती पुढे आली, तो ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायली. रिकामा ग्लास घेऊन आत गेली. तिला कोणी काही विचारलं नाही.

स्टँडवर आम्ही बराच वेळ गाडीची वाट पाहत बसलो. काकू एवढंच म्हणाली, "त्या पोरीनं पूर्ण गिलास पेला." मी तिला चिखलीच्या गाडीत बसवलं. खिडकीतून तिने हात हलवला नाही.

विलासने आईला बोल लावला नाही. त्याने बोलणंच टाकलं. ताट वाढलं की जेवायचा, काम असलं की जायचा. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त भांड्यांचा. पुन्हा स्थळ आलं नाही. गावातल्या बैठकींना काकूचं जाणं कमी झालं, मग थांबलं. लोक म्हणाले, पोराचं वाटोळं झाल्यावर शहाणी झाली. मला तसं वाटलं नाही. दुसरबीडहून आलेली काकू मला थकलेली दिसत होती.

मग तिचेही पाय सुजले. डायलिसिस सुरू झालं. विलासने कामं कमी केली आणि तिला दवाखान्यात न्यायला-आणायला लागला. उचलून गाडीत बसवायचा, उचलून उतरवायचा, साडी सावरून द्यायचा. कामापुरतं बोलायचा. शेवटी तिला दवाखान्यात ठेवूनच घेतलं, तेव्हा मी भेटायला गेले. ती खाटेवर एवढीशी झाली होती. तिला पाणी मोजून द्यायचं होतं, म्हणून विलास ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवत होता.

"सविता कोठी देली व?" तिने मला विचारलं.

"जालन्याकडे. एक मुलगा आहे म्हणतात तिला."

तिने माझ्याकडे मान वळवली. "म्या जन्मभर पोरीच्या बापाइले पाणी पाजलं, सुशे. पोरीले कधी इचारलंच नाही. थे पोरगी पूर्ण गिलास पेली होती. म्या डोळ्यानं पाह्यलं अन् तशीच उठून आली." मग श्वास घेऊन म्हणाली, "मले फसवलं नसतं, तं हा विलास नसता. हे काऊन नाही सुचलं मले तवा? आज याची लेकरं खेळत राह्यली असती."

विलासचा हात थांबला. त्याने कापूस वाटीत ठेवला आणि खाटेच्या कडेवर बसला.

"माय, त्या दिवशी तू गेली नसती, तं मी गेलो असतो."

"तू?"

"हो. मनात ठरवलं होतं माह्या. साखरपुड्याच्या आधी सांगणारच होतो त्याइले."

काकूने त्याच्याकडे पाहिलं. तिचं ते पाहणं मला लहानपणापासून माहीत होतं. तिच्यासमोर कोणाचं खोटं टिकत नसे. "म्हंजे तुह्या मनात राग नाही?" तिने विचारलं.

"नाही, माय."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिचा डोळा लागला.

बाहेर व्हरांड्यात विलास हात धूत होता. मी त्याला विचारलं, "खरंच गेला असतास?"

तो हात धूत राहिला. "नाही वो ताई. मी कायले जातो? मले संसार पाह्यजे होता. राग अजूनबी हाय माह्या मनात, मरेस्तोवर राहीन." त्याने नळ बंद केला. "पण तिले आता खरं सांगून काय करू?"

त्यानंतर काकू फार दिवस राहिली नाही. विलासचं ते बोलणं तिला खरं वाटलं, की ओळखूनही तिने ठेवून घेतलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला कळलेलं नाही. त्या दिवशी मी निघताना पुन्हा आत डोकावले, तेव्हा ती जागी होती आणि विलासचा ओला हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.